ग्रुपमधून काढल्यावर परत कसं यायचं, आणि ॲडमिन असाल तर परत कसं घ्यायचं

तीन उन्हाळ्यांपूर्वी नागपुरात आमच्या लेआउटमधली, म्हणजे वसाहतीतली, एक निळी सायकल हरवली. पार्किंगच्या कॅमेऱ्यात दुपारी सव्वादोन वाजता एक मुलगा निळी सायकल ढकलत नेताना दिसत होता. मी स्क्रीनचा फोटो काढला, त्याच्या चेहऱ्याभोवती लाल गोल केला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: "हा मुलगा ओळखा. आपल्याकडची सायकल चोरून नेली. सगळ्यांनी सावध राहा." बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, सगळे कूलरसमोर, सगळ्यांच्या हातात फोन. संध्याकाळपर्यंत तो फोटो शेजारच्या तीन लेआउटच्या ग्रुपवर, एका शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आणि आमच्या दूधवाल्याच्या फोनवर पोचला होता.

मुलगा त्याच दूधवाल्याकडे सकाळी पिशव्या टाकायचा. पंधरा वर्षांचा. सायकल त्याची स्वतःची होती. सकाळी पंक्चर झाली म्हणून आमच्या पार्किंगच्या सावलीत लावून गेला होता, दुपारी न्यायला आला होता. हरवलेली सायकल दुसऱ्या दिवशी मालकाच्या भाच्याकडे सापडली. तोपर्यंत ग्रुपवर भांडणं होऊन मला काढून टाकलेलं होतं.

मी परत आले चार महिन्यांनी. गेल्या दीड वर्षापासून त्याच ग्रुपची एक ॲडमिन आहे आणि या काळात मी स्वतः तिघांना काढलं, त्यातल्या दोघांना परत घेतलं. दोन्ही बाजू पाहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली. आपण क्रम उलटा धरतो. आधी ॲडमिनला फोन, मग ग्रुपवर माफी, मग ओळखीच्या लोकांना सफाई, आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस सगळ्यात शेवटी. बऱ्याचदा त्याच्यापर्यंत आपण पोचतच नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या हा क्रम सरळ करण्यासाठी आहेत.

पहिले दोन दिवस

काढलं गेल्याचं कळलं की छातीत धडधड होते आणि बोटं आपोआप फोनकडे जातात. या दोन दिवसांत जे टाइप होतं त्याचे स्क्रीनशॉट वर्षभर फिरतात. म्हणून लिहायचं ते वहीत लिहा, पाठवू नका.

दुसऱ्या नंबरवरून ग्रुपमध्ये शिरू नका, मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवरून आपली बाजू मांडू नका. स्टेटसला टोमणे ठेवू नका. "खरे सदस्य" असा वेगळा ग्रुप काढू नका. आमच्याकडे एका गृहस्थांनी तो काढला आणि तीन आठवड्यांत एकाच लेआउटमध्ये होळीच्या दोन वर्गण्या गोळा होऊ लागल्या. जुन्या लिंकवर सारखं टॅप करण्यातही अर्थ नाही. ॲडमिनने काढलेल्या माणसाला लिंकवरून परत येता येत नाही, ॲडमिनलाच ॲड करावं लागतं.

एक काम मात्र लगेच करायचं असतं. तुमच्या मेसेजमुळे कोणाचं नुकसान अजून चालू असेल, म्हणजे फोटो फिरत असेल, नंबर उघड झाला असेल, खोटी बातमी पुढे जात असेल, तर ते थांबवा. तुम्ही अजून ग्रुपमध्ये असाल तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण दोन दिवस चालतं. बाहेर काढलं गेलं असेल तर तुमच्या हातात ते उरत नाही. पण ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तेवढ्यापुरता एका ओळीचा मेसेज करा: "माझा तो फोटो कृपया डिलीट करा, माहिती चुकीची आहे." त्यात माफी, खुलासा, "मला परत घ्या" असलं काही घालू नका.

आणि लक्षात ठेवा, मूळ मेसेज डिलीट झाला तरी फॉरवर्ड झालेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून आजच बसून यादी करा: तुम्ही स्वतः कुठे कुठे पाठवलं, तुमच्याकडून कोणी घेऊन कुठे पाठवलं. माझ्या यादीत पाच नावं निघाली, सहावं नंतर कळलं.

मेसेज तुम्ही केलाच नसेल, म्हणजे खातं हॅक होऊन तुमच्या नावाने घाणेरडे फोटो किंवा पैशाची मागणी गेली असेल, तर गोष्ट वेगळी. व्हॉट्सॲप पुन्हा आपल्या नंबरने सुरू करा, एसएमएसवर आलेला सहा आकडी कोड टाका; त्यामुळे समोरचा बाहेर पडतो. त्याने दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासा, स्वतःचा पिन लावा, कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. हे सगळं दोन ओळींत ॲडमिनला कळवा. पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत.

वहीतली चार वाक्यं

तिसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन बसा. चार प्रश्न: मी काय केलं? करताना मला नक्की काय माहीत होतं? कोणाचं काय नुकसान झालं? त्यातलं काय अजून चालू आहे?

सोपं वाटतं, पण मराठीत हे लिहिणं अवघड आहे, कारण आपली भाषा निसटायला फार वाटा देते. "माझ्याकडून चूक झाली." "मेसेज पाठवला गेला." "गैरसमज निर्माण झाला." या तिन्ही वाक्यांत करणारा माणूस कुठे आहे? चूक पाऊस पडावा तशी आपोआप झालेली दिसते. "मी चूक केली" म्हणताना जीभ अडखळते, आणि तिथेच कळतं की वाक्य बरोबर आहे.

माझा पहिला खर्डा असा होता: "नमस्कार. माझ्याकडून अनवधानाने एक मेसेज पाठवला गेला. त्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करते. पण माझा हेतू आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेचाच होता." माझ्या मुलीनं तो वाचला आणि विचारलं, "आई, यात तो मुलगा कुठंय?"

खरंच नव्हता. "कोणाच्या" म्हणून मी त्याला गायब केलं होतं. "असतील तर" म्हणून त्याचं दुखणं शंकेत टाकलं होतं. "पण" म्हणून शेवटी स्वतःचीच आरती केली होती. आणि भावना दुखावण्याचा प्रश्नच नव्हता, त्याचं काम गेलं होतं.

तिसऱ्या खर्ड्यात हे उरलं: "गुरुवारी मी एका मुलाचा फोटो टाकून त्याला चोर म्हटलं. तो चोर नाही. सायकल त्याची स्वतःची होती. मी कोणालाही न विचारता ते लिहिलं. फोटो तुमच्याकडे असेल तर डिलीट करा, आणि जिथे पाठवला असेल तिथे हा मेसेज पाठवा."

यात मुलाचं नाव मुद्दाम नाही. माफीच्या मेसेजमध्ये नाव घातलं तर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही ते कळतं. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. आणि हा मेसेज लिहून झाला तरी लगेच पाठवायचा नाही. आधी पुढची पायरी.

त्या माणसाच्या दारात

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि गेला पाहिजे.

आधी विचारून जा. अचानक दारात उभं राहिलं की समोरच्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. दोघांच्या ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवा. मी दूधवाल्या भाऊंमार्फत विचारलं. दोन दिवस उत्तर आलं नाही, तिसऱ्या दिवशी "रविवारी सकाळी या" असा निरोप आला. कोणाला सोबत न्यायचं असेल तर एखादं शांत, वडीलधारं माणूस न्या, आपली बाजू मांडणारा वकील नेऊ नका. मिठाईचा डबा नेऊ नका. संत्रा बर्फी घेऊन जावं असं मलाही वाटलं होतं. पण डबा हातात पडला की समोरच्या माणसाला वाटतं, हा घेतला म्हणजे विषय मिटवला असं झालं, आणि त्यानं मिटवायचं की नाही हे अजून ठरवलेलं नसतं.

त्यांचं घर आमच्या लेआउटपासून पायी सात मिनिटांवर आहे आणि चौदा वर्षांत मी त्या गल्लीत कधी गेले नव्हते. मुलाची आई पोळ्या करत होती. तिनं तवा उतरवला नाही, मला बसायला सांगितलं आणि पोळ्या करतच राहिली. मी माझी चार वाक्यं म्हटली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, तुमचं काय, तुमी ग्रुपातून निंगाल्या. माह्या पोट्ट्याले तर रोज त्याच गल्लीतून जा लागते."

तिथे मी बोलायचं थांबले. तुम्हीही थांबा. समोरचा राग काढेल, रडेल, जुन्या दहा गोष्टी काढेल. त्यातली एखादी तुमच्याशी संबंधित नसेलही. तेव्हा दुरुस्ती करू नका. शेवटी एवढंच विचारा: "मी काय केलं तर तुमचं थोडं तरी निस्तरेल?"

तिनं दोन गोष्टी सांगितल्या. दूधवाल्यांना जाऊन तोंडानं सांगा, कारण त्यांनी मुलाला कामावरून थांबवलं होतं. आणि शाळेतल्या सरांना सांगा, कारण वर्गातली पोरं त्याला चोर म्हणून हाका मारत होती. ग्रुपवर माफी मागा असं ती म्हणालीच नाही. आमचा ग्रुप तिच्या लेखी महत्त्वाचा नव्हता. मी घरी बसून ज्या गोष्टीसाठी तळमळत होते, ती तिच्या यादीत कुठेच नव्हती.

म्हणून नुकसान जिथे पोचलं तिथपर्यंत तुम्हीही जा. मी दूधवाल्यांकडे गेले, सरांकडे गेले, पालकांच्या ग्रुपच्या ॲडमिनला भेटले आणि तिन्ही लेआउटच्या ग्रुपवर तो मेसेज जाईल असं पाहिलं. एकूण अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांची मुलाची मजुरी बुडाली होती. आकडा दूधवाल्यांकडून काढला आणि तेवढेच पैसे दिले. आईनं आधी नको म्हटलं. मी म्हटलं, "ही मदत नाही वहिनी, तुमचे बुडालेले पैसे आहेत." मग घेतले. वरचे पैसे देण्याचा मोह होतो, तो आवरा. जास्त पैसे दिले की तुम्ही मोठ्या होता आणि समोरचा उपकाराखाली जातो.

काही वेळा मात्र दारात जायचंच नसतं. समोरच्यानं ब्लॉक केलं असेल, "संपर्क करू नका" म्हटलं असेल, किंवा तुम्ही कोणा बाईला नको ते मेसेज पाठवले असतील, तर भेटायला जाणं हा आणखी एक त्रास आहे. तिथे नुकसान थांबवा, मधल्या माणसाकडे लेखी द्या, आणि दूर राहा. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिनं तुम्हाला भेटावं, असा तुमचा हक्क नाही.

पोलीस तक्रार झाली असेल तर आधी वकिलाशी बोला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामी कलम ३५६ मध्ये येते. दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, किंवा दोन्ही, आणि सोबत एक नवा पर्याय आलाय: समाजसेवा. मला तो पर्याय फार मोलाचा वाटतो. बिघडवलंस ना, आता हातानं काहीतरी घडव, असं त्यात म्हटलंय.

ॲडमिनला मेसेज

इथपर्यंत आलात की मेसेज आपोआप छोटा होतो. मी लिहिलेला जवळजवळ जसाच्या तसा देते:

"मुलाच्या घरी जाऊन आले. दूधवाले आणि शाळेतले सर यांना भेटून खरं काय ते सांगितलं. तिन्ही ग्रुपवर दुरुस्ती गेली आहे. आपल्या ग्रुपवरही हा मेसेज टाकाल का? (खाली चार ओळी.) मला परत घ्यायचं की नाही आणि कधी, हे तुम्ही ठरवा. मी थांबते."

परत घेण्याची विनंती दुरुस्तीशी बांधू नका. "मी एवढं केलं, आता तरी घ्या" म्हटलं की केलेलं सगळं सौद्यासारखं दिसतं. एक मेसेज करा, महिनाभर उत्तर नाही आलं तर आठवणीचा दुसरा. तिसरा करू नका, आणि बायकोला ॲडमिनच्या बायकोकडे पाठवू नका.

परत आल्यावरचे तीन महिने

इथे घाई करणारे बहुतेक जण पुन्हा घसरतात.

अंगुलिमालाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा तो दरोडेखोर बुद्धांना शरण गेला, भिक्खू झाला. आपण गोष्ट तिथे थांबवतो. ती पुढे आहे. तो भिक्षेला गावात गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले, डोकं फुटलं, भिक्षापात्र फुटलं, चीवर फाटलं. तसाच रक्ताळलेला तो परतला, आणि बुद्धांनी त्याला सांगितलं, सहन कर. बुद्धांनी जवळ केलं म्हणून गावानं लगेच जवळ केलं नाही. गावाला त्याचा वेळ हवा होता.

आपल्याला दगड बसत नाहीत, टोमणे बसतात. गणपतीत आरतीला गेले तर एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाई, आज कोणाचा फोटो काढणार?" उत्तर मी घरून ठरवून गेले होते: "चूक केली होती काका. नैवेद्याचं ताट कुठे ठेवू?" पहिलं वाक्य खरं, दुसरं कामाचं. उत्तर आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

ग्रुपवर आल्या आल्या भाषण देऊ नका. "धन्यवाद" सुद्धा ॲडमिनला वेगळं म्हणा. पहिला महिना वाचा फक्त. मग छोट्या, तपासलेल्या, उपयोगी गोष्टी टाका: टँकर किती वाजता येतोय, कोणत्या गल्लीचे दिवे बंद आहेत, लसीकरणाची तारीख. मी पहिले तीन महिने एकही फॉरवर्ड केलं नाही. दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेलं' असा शिक्का असलेला मेसेज तर आजही नाही. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली, आणि एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्या जास्तीच्या टॅपमध्ये विचार करायला मिळणारे दोन सेकंद मला सायकलवाल्या दुपारी पुरले असते की नाही, सांगता येत नाही. आता पुरतात.

दुसऱ्या कोणी तशीच चूक केली, तर त्याला सगळ्यात आधी झोडपायला जाऊ नका. आपण सुधारलो हे दाखवण्याची ही फार सोपी आणि फार वाईट वाट आहे.

आता ॲडमिनसाठी

मला काढलं तेव्हा ॲडमिनने काही चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. काढायलाच हवं होतं. पण का, किती दिवसांसाठी, आणि परत यायला काय करायचं, यातलं काहीच कोणी सांगितलं नाही. चार महिने मला कळत नव्हतं की दार बंद आहे की नुसतं लोटलेलं. म्हणून मी ॲडमिन झाल्यावर आम्ही तिघांनी बागेतल्या बाकावर चहा पीत काही गोष्टी ठरवल्या आणि कागदावर उतरवल्या. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत माझ्या माहेरच्या गावी वडील समितीवर होते. ते म्हणायचे, तोंडी मिटलेलं भांडण पुढच्या पेरणीला परत उगवतं. कागद करा.

काढण्यापूर्वी वेगळा मेसेज करा, शक्य असेल तर फोन. नुकसान चालू असेल तर आधी मेसेज डिलीट करा, मग काढा, मग फोन. दोन ॲडमिनचं एकमत झाल्याशिवाय काढू नका. एकट्यानं घेतलेला निर्णय रागाचा असतो. कारण एका वाक्यात द्या. आणि काढतानाच परत येण्याची तारीख द्या. आम्ही शिवीगाळीला सात दिवस, न तपासता कोणाची बदनामी केली तर तीस दिवस आणि दुरुस्ती, असं धरलंय. तुमचे आकडे वेगळे असतील, पण आकडा हवा. तारखेशिवाय काढलं की माणूस दर आठवड्याला विचारत राहतो, ॲडमिन दर आठवड्याला टाळत राहतो, आणि मूळ चूक बाजूला पडून नवीन वैर सुरू होतं.

परत घ्यायचं का, हे ग्रुपवर मतदानाला टाकू नका. पोल टाकणं सोपं आहे, पण त्यात ज्याचे नातेवाईक जास्त तो जिंकतो. ग्रुपवर जाहीर माफी मागायला लावणं हीसुद्धा शिक्षा म्हणून वापरू नका. नाक घासायला लावलेला माणूस आत येतो तो हिशेब घेऊन.

सगळ्यात महत्त्वाचं: ज्याचं नुकसान झालं त्याला आधी विचारा. तो ग्रुपमध्ये असेल तर "हे परत आले तर तुम्हाला चालेल का, काय अट हवी?" असं त्याच्याशी एकट्यात बोला. तो नाही म्हणाला तर थांबा. आणि तोच ग्रुप सोडून गेला तर "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असं म्हणू नका. नव्यानं सुरुवात ही नेहमी चुकलेल्या माणसाचीच गोष्ट नसते. १४ ऑक्टोबर १९५६ ला या शहरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांनी कोणाचा अपराध केला नव्हता, अपराध त्यांच्यावर झाला होता. ज्या व्यवस्थेनं माणूस मानलं नाही तिला त्यांनी नकार दिला आणि नवी सुरुवात केली. ज्याला दुखावलं गेलंय त्याला निघून जायचा आणि दुसरीकडे आपली माणसं शोधायचा पूर्ण हक्क आहे. आपण त्याला थांबवायचं नाही, फक्त दार उघडं आहे एवढं कळवायचं.

कोणाला घेऊ नये? पैशाची फसवणूक करणारा. बायकांना रात्री मेसेज करणारा. जात किंवा धर्म काढून विष पसरवणारा, आणि दुसऱ्यांदा तेच करणारा. अशा माणसालाही आयुष्यात सुधारायची संधी मिळावी असं मला मनापासून वाटतं, पण ती आमच्याच ग्रुपनं, ज्यांना त्यानं त्रास दिला त्यांच्याच समोर द्यावी, असं नाही. मी काढलेल्या तिसऱ्या माणसाला म्हणूनच परत घेतलं नाही.

"काही झालं तर पोलीस आम्हाला धरतील" या भीतीनं काही ॲडमिन ऊठसूट लोकांना काढतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानंच स्पष्ट केलंय की नुसता ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसावा लागतो. तेव्हा भीतीनं नाही, विचारानं काढा. सेटिंगमध्ये नवीन सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल असं करून ठेवा. वातावरण तापलं की काही तास फक्त ॲडमिननाच मेसेज करता येईल असं करा. निम्म्या वेळा कोणाला काढायची गरजच पडत नाही.

कोणीच परत घेतलं नाही तर

असंही होतं. तेव्हा दुसरीकडे सुरुवात करा, पण जुनं लपवून नाही. नवा नंबर घेऊन नवा माणूस होता येत नाही. त्यात बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपन्या दुसऱ्याला देऊ शकतात, म्हणजे तुमचा नवा नंबर एखाद्याचा जुना असू शकतो, त्याच्या उधाऱ्यांच्या फोनसकट. नव्या ठिकाणी ओळख वाढली की योग्य माणसाला स्वतःहून सांगा: "मी तिकडे अशी चूक केली होती." दुसऱ्याकडून कळलं की ते लपवलेलं ठरतं.

ग्रुपबाहेरच्या आयुष्यातही हाच हिशेब आहे. कर्ज थकलं आणि बँकेशी कमी रकमेत तडजोड केली, तर क्रेडिट रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' येतं, पूर्ण फेडलं तर 'क्लोज्ड'. पुढचा बँकवाला हा फरक पाहतो. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून फुकट मिळतो, तो काढा, चूक असेल तर तक्रार करा; ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दहावी-बारावी राहिली असेल तर पुरवणी परीक्षा आहे, शाळा सुटून वर्षं झाली असतील तर बाहेरून परीक्षेला बसायला १७ नंबरचा फॉर्म आहे. यातलं प्रत्येक एका वेगळ्या लेखाचं काम आहे.

या महिन्याच्या २० तारखेला आमच्या लेआउटमधले एक गृहस्थ तीस दिवस पूर्ण करून ग्रुपवर परत येताहेत. ज्यांच्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं त्या ताईंशी मी बोलले आहे, त्यांची अट त्यांनी पाळली आहे. तारीख माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे. सकाळी आधी पाण्याची टाकी धुण्याचा मेसेज टाकणार, कोणी किती वाजता पाणी भरून ठेवायचं याची चौकशी सुरू होऊ देणार, आणि ती चालू असतानाच त्यांना ॲड करणार.